गाडी तुझीच आहे, पाय बरा झाला की ये

माझ्या मालकाला आज विचारलं तर तो सांगेल, "मी त्याला काढलंच नाही." आणि तो खोटं बोलत नाही. ट्रकच्या धंद्यात काढणं हा प्रकारच नाही, कारण ठेवणंही नाही. ओळखीचा कुणीतरी म्हणतो, माणूस बरा आहे, पीत नाही. मालक लायसन उलटून-पालटून बघतो, चावी देतो, खर्चीला दोन-तीन हजार देतो आणि सांगतो, जा, एमआयडीसीत नंबर लाव. झाली नोकरी. ऑर्डर नाही, हजेरीबुक नाही, पगाराची पावती नाही. कित्येक वर्षं मी एकाच मालकाची गाडी चालवली आणि त्या सगळ्या वर्षांचा एक कागद माझ्या घरात नव्हता. त्याची गरज पडेल असं पाय मोडेपर्यंत वाटलंही नाही.

मी अंबड तालुक्यातला. जालना म्हटलं की बाहेरच्यांना मोसंबी आठवते, नाहीतर बियाणांच्या कंपन्या. आमच्यासाठी जालना म्हणजे सळई. भंगार येतं, वितळतं, सळई होऊन जातं, आणि येणं-जाणं दोन्ही ट्रकवर. माझ्याकडं बारा टायरी होती. सकाळी नंबर लावला तर गेटातून आत जायला दुपार. काट्यावर रिकाम्या गाडीचं वजन, मग क्रेनखाली थांबायचं, पुन्हा भरलेल्या गाडीचं वजन, बिल्टी म्हणजे मालाची वाहतूक पावती, ई-वे बिल, रस्सा आवळणं. एवढं होईपर्यंत दिवस मावळतो. ड्रायव्हरची झोप झाली का, हे विचारायचं काम यात कुणाकडंच नाही. पलीकडच्या दुकानदाराला माल सकाळी पाहिजे, कारण हमाल सकाळी भेटतात. म्हणून रात्रभर चालायचं.

मी गाडी चालवायचो तेव्हा मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ सालचा कायदा होता. दिवसाला आठ तास काम, सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विसावा, असं त्यात लिहिलेलं होतं. पण तो लागायचा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला. माझ्या मालकाच्या गाड्या तीन, आणि क्लीनर त्यानं केव्हाच बंद केलेले. तसे आता सगळ्यांनीच केलेत. पूर्वी क्लीनर पोरगं रात्री बोलत राहायचं, मागं बघायचं, चहा आणायचं. आता फोन आहे म्हणतात.

जानेवारी २०२३. जालन्याहून लातूरचा माल होता. अंबड, वडीगोद्री, तिथं मोठ्या रस्त्याला लागलो, शहागडला गोदावरी ओलांडली, गेवराई, बीड, मांजरसुंबा. मांजरसुंब्याला हायवे सोडून केजकडं वळावं लागतं. उसाचा हंगाम ऐन भरात होता. दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर रात्री मागून कसा दिसतो, हे ज्यानं बघितलं नाही त्याला सांगणं अवघड आहे. तो दिसतच नाही. ऊस ट्रॉलीच्या दोन्ही अंगांनी बाहेर आलेला, मागचा दिवा असलाच तर मोळ्यांच्या आड गेलेला. हंगामाच्या सुरुवातीला रिफ्लेक्टर लावायचे कार्यक्रम होतात, फोटो निघतात. पुढं त्या पट्टीवर चिखल बसतो आणि तो कुणी पुसत नाही.

असा एक ट्रॅक्टर नेकनूरच्या पुढं रस्त्यातच उभा होता. मागच्या ट्रॉलीचं टायर बसलेलं. इशारा म्हणून मागं रस्त्यावर दगड मांडलेले. आपल्याकडं ही पद्धतच आहे. गाडी बंद पडली की दगड मांडायचे, आणि गाडी दुरुस्त झाली की दगड तिथंच सोडून निघून जायचं. माझ्या लाइटमध्ये आधी दगड आले, मग ऊस. समोरून एसटी येत होती, उजवीकडं जागा नव्हती. ब्रेक दाबला. गाडी जवळजवळ थांबली होती. ट्रॉलीच्या कोपऱ्याला डाव्या बाजूनं धडकली, पण धडक तशी मोठी नव्हती. सिमेंटची पोती भरलेली असती तर मी आज गाडीवर असतो.

सळईचं तसं नसतं. गाडी थांबते, सळई थांबत नाही. लांब सळई बॉडीत बसावी म्हणून बंडल मधून दुमडतात आणि दुमडीची गोल टोकं कॅबिनकडं येतात. ती टोकं मागचा पत्रा फाडून आत आली, सीटच पुढं सरकलं, आणि माझा डावा पाय क्लचचं पेडल आणि स्टिअरिंगचा दांडा यांच्या मधे अडकला. दुखणं नंतर सुरू झालं. तेव्हा डोक्यात राहिलं ते एवढंच, की वायपर सुरू झाला होता. हात लागला असेल कुठंतरी. कोरड्या काचेवर तो खर्र खर्र फिरत होता आणि मला त्याचं बटण सापडत नव्हतं. लोक आले, कुणीतरी टामी आणली, कुणी १०८ ला फोन केला. पेडल वाकवून पाय काढला तेव्हा वायपर चालूच होता.

तेव्हापासून भेटेल तो माणूस एकच विचारतो. "डुलकी लागली होती का?" पाहुणे विचारतात, डॉक्टरांनी विचारलं, बँकेतल्या शिपायानं विचारलं. नव्हती लागली. मांजरसुंब्याला चहा घेतला होता आणि अर्धा कप वाईट निघाला म्हणून टपरीवाल्याशी भांडलो होतो. झोपेतला माणूस चहावरून भांडत नाही. पण ट्रकवाला म्हटलं की झोपला तरी असेल नाहीतर पिला तरी असेल, हे लोकांनी आधीच ठरवलेलं असतं. गुन्हाही माझ्यावरच दाखल झाला, तेव्हाच्या दंड संहितेची कलमं २७९ आणि ३३७, म्हणजे बेदरकारपणे गाडी चालवून दुखापत केली, कारण ट्रॅक्टरवाल्याच्या हाताला लागलं होतं आणि मागून धडकलो मी. पंचनाम्यात ट्रॉली आहे, ट्रक आहे, ब्रेकच्या खुणा आहेत. दगड नाहीत.

अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थच्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं. नडगीत रॉड टाकला, घोट्याच्या हाडाला स्क्रू. त्या दवाखान्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. गर्दी असते, बोलणं तोडून असतं, पण माझा पाय तिथं वाचला. मालक दुसऱ्या दिवशी आला. शहाळी आणली, आईच्या हातात दहा हजार दिले. मग माझा फोन मागितला. माल दुसऱ्या गाडीत भरायचा होता, ई-वे बिलावर गाडीचा नंबर बदलायचा होता, आणि बिल्टीचा फोटो माझ्याच व्हॉट्सॲपवर होता. फोटो घेतला, फोन उशाशी ठेवला आणि जाताना म्हणाला, "काळजी करू नको. गाडी तुझीच आहे, पाय बरा झाला की ये."

हे वाक्य तो पुढं फोनवर बऱ्याचदा म्हणाला. मला वाटतं म्हणताना ते खरंच असायचं. तोही एकेकाळी ड्रायव्हरच होता, दुसऱ्याच्या गाड्या चालवून पहिली गाडी घेतलेला. फायनान्सचा हप्ता माझ्या पायासाठी थांबत नाही हे मलाही कळतं. गाडी गॅरेजमधून निघाली, नवीन ड्रायव्हर बसला, त्यात मला राग येण्यासारखं काही नव्हतं. फोन मात्र कमी होत गेले. मग एक दिवस गावातल्या काळी-पिवळीवाल्याच्या हातून एक पोतं आलं. आत माझा स्टोव्ह, दोन पातेली, चादर, हवा बघायचा लाकडी ठोकळा, तुळजाभवानीचा फोटो, आणि एका पिशवीत दाढीचं सामान. फोटोची काच फुटली नव्हती, कुणीतरी तो चादरीत नीट गुंडाळला होता. चिठ्ठी नाही, फोन नाही. आईनं पोतं उघडलं आणि म्हणाली, "मह्या लेकराचं घरच पाठवून दिलं की." मी मालकाला फोन लावला नाही. काय विचारणार होतो?

बायको कापूस वेचायला आधीही जायची, त्या वर्षी शेवटच्या वेचणीपर्यंत गेली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, तिला आवडणार नाही.

पुढच्या वर्षी जानेवारीत, २०२४ ला, ड्रायव्हर लोकांचा संप झाला. भारतीय न्याय संहिता या नव्या फौजदारी कायद्यात कलम १०६ च्या दुसऱ्या भागात अपघातात माणूस मेला आणि पोलिसांना न कळवता ड्रायव्हर पळाला तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा होती, त्याच्या विरोधात. दोन दिवसांत पेट्रोल पंपावर ही रांग. आमच्या गावातली मोटारसायकलवाली पोरं रांगेत उभी राहून ड्रायव्हरांना शिव्या देत होती आणि मी कट्ट्यावर कुबडी घेऊन बसलेला. एक जण म्हणाला, पळून कामून जाता मग? त्याला सांगितलं, बाबा, थांबलं की लोक मारतात म्हणून पळतात. मी थांबलो कारण पाय पेडलमध्ये होता. ते कलम सरकारनं लागू करायचं थांबवलं, पण मला आजही वाटतं की भांडण अर्धंच झालं. पळालेल्या ड्रायव्हरला किती शिक्षा यावर सगळा देश बोलला. थांबलेल्याचं पुढं काय होतं, यावर कुणी चकार शब्द काढला नाही.

कुबडी सुटल्यावर मी एक गोष्ट केली. वडीगोद्रीच्या ढाब्यावर एका मित्राची गाडी उभी होती, त्याला म्हटलं, जरा बसू दे. चढतानाच कळलं, कारण पायरीवर डावा पाय टेकवून अंग वर न्यायचं असतं. मी हातांनी ओढत गेलो. सीटवर बसल्यावर मात्र बरं वाटलं. सगळं जागच्या जागी होतं. ट्रकचा क्लच दाबायला जोर मांडीचा लागतो, तो माझ्यात होता. दाबला गेला. गिअर पडला. पण क्लच सोडताना काम घोट्याचं असतं. टाच खाली टेकवून पंजा हळूहळू वर यायला पाहिजे, आणि माझा घोटा फळीसारखा ताठ. पाय थरथरायला लागला, क्लच एकदम सुटला, गाडीनं हिसका दिला आणि बंद पडली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मित्र खाली उभा होता, त्याच्या हातात चहाचे दोन ग्लास. म्हणाला, "राहू दे उस्ताद. थंडीचं आखडतं कधीकधी." एप्रिल महिना होता.

क्लच नसलेले ऑटोमॅटिक ट्रक निघालेत म्हणतात. निघाले असतील. मराठवाड्यातल्या दोन-तीन गाड्यांच्या मालकाकडं ते यायला माझं वय निघून जाईल.

वकिलाकडं मी भरपाईसाठी गेलोच नव्हतो, अपघाताच्या केसमध्ये जामिनाचं काय ते विचारायला गेलो होतो. त्यानंच विचारलं, तुझा स्वतःचा क्लेम केलास का? मी म्हटलं, गुन्हाच माझ्यावर आहे, मला कोण देणार? मग त्यानं जे सांगितलं ते मला गाडीवरच्या इतक्या वर्षांत एकाही ड्रायव्हरच्या तोंडून ऐकायला मिळालं नव्हतं. तुझ्या अपघाताला १९२३ सालचा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा लागतो. त्यात चूक कोणाची हे मुख्य नसतं. मोटार अपघात न्यायाधिकरणात गेलास तर तिथं चुकीवर सगळं अडेल. इथं बघतात ते एवढंच की तू कामावर होतास का, आणि काम करताना लागलं का. दारू पिऊन गाडी चालवली असती तर गोष्ट वेगळी. अर्ज दोन वर्षांच्या आत करावा लागतो. माझे बरेच महिने आधीच गेले होते.

आणि पैसे मालकाच्या खिशातून जात नाहीत. पोलिसांच्या कागदांत गाडीच्या पॉलिसीची प्रत होती. वकिलानं त्यात बोट ठेवून दाखवलं: पगारी ड्रायव्हरची कायदेशीर जबाबदारी, प्रीमियम ५० रुपये. हजारो रुपयांच्या पॉलिसीत ती एक ओळ. मालकानं दरवर्षी ते ५० रुपये भरले होते, बहुतेक न वाचता.

पण नोटीस गेली आणि त्याचा फोन आला. "माझ्यावर केस केलीस? माझ्यावर?" मी सांगायला लागलो की शेठ, देणार विमा कंपनी आहे, तुम्ही फक्त म्हणा की हा माझा ड्रायव्हर होता. त्यानं फोन ठेवला. कोर्टात त्याचं म्हणणं आलं की हा माणूस माझ्याकडं कायम कामाला नव्हता, त्या फेऱ्यापुरता बदली ड्रायव्हर म्हणून घेतला होता. कुणीतरी शिकवलं असेल. एवढी वर्षं, आणि बदली!

मग पुरावा गोळा करणं आलं. एफआयआरमध्ये माझं नाव ट्रकचा चालक म्हणून होतंच, पण त्यानं त्या एका रात्रीचं सिद्ध होतं. बाकीचं फोनमधून निघालं. खर्ची रोख मिळायची, पण रस्त्यात डिझेलला, टायरला, पोलिसाला कमी पडलं की मालक फोनपे करायचा आणि सोबत लिहायचा, "खर्ची लातूर", "खर्ची नांदेड", "पंक्चर उमरगा". वर्षानुवर्षांचे व्यवहार. आणि बिल्टीचे फोटो. भरताना मिलमध्ये बिल्टीवर ड्रायव्हरचं नाव आणि लायसन नंबर लिहितात, सही घेतात. फोटो काढून मालकाला पाठवायचा हा त्याचाच नियम. दवाखान्यात त्यानं ज्यासाठी फोन मागितला होता, त्याच चॅटमध्ये खाली-खाली जात आम्ही माझी नोकरी शोधली. माझी पोरगी एकेक फोटो उघडून तारीख वहीत लिहायची. मधेच माझ्याच हस्ताक्षरातली सही दाखवून हसायची, कारण ती कधीच एकसारखी नसते.

नोकरी होती हे बहुतेक पटलंय. आता अडलंय ते टक्क्यावर.

हिशेब असा आहे. पगार मला महिना १८,००० आणि वर भत्ता होता, पण कायदा महिना १५,००० पर्यंतच धरतो. त्याचे ६० टक्के, म्हणजे ९,०००. त्याला वयाचा आकडा लावतात; चाळिसाव्या वर्षाला तो १८४.१७ आहे आणि मला तेव्हा चाळीस पूर्ण होते. गुणाकार केला तर १६,५७,५३० रुपये. हे झालं माणूस कायमचा पूर्ण निकामी झाला तर. सरकारी दवाखान्याच्या दाखल्यावर माझं अपंगत्व ३५ टक्के आहे. विमा कंपनी म्हणते, मग ३५ टक्केच धरा, म्हणजे पाच लाख ऐंशी हजारांच्या घरात. (आणि ४० च्या खाली म्हणून एसटीची सवलतही नाही. पाय थोडा जास्त मोडला असता तर तिकीट स्वस्त पडलं असतं.)

वकील म्हणतो, तुझा पाय ३५ टक्के गेला असेल, ड्रायव्हिंग किती टक्के गेलं? त्याच्याकडं सर्वोच्च न्यायालयाचा १९७५ सालचा एक निकाल आहे, एका सुताराचा. त्याचा डावा हात कोपराच्या वरून काढावा लागला. एक हात राहिला म्हणून त्याला अर्धवट अपंग धरायचं का, असा वाद होता. कोर्ट म्हणालं, सुतारकाम एका हातानं होत नाही, म्हणून त्याच्या कामापुरतं नुकसान शंभर टक्के. हे ऐकलं त्या रात्री मला चांगली झोप लागली होती. पन्नास वर्षांपूर्वीचा कुठला तरी सुतार, पण माझ्या ढाब्यावरच्या त्या बंद पडलेल्या गाडीत काय झालं हे त्याच्या निकालात लिहून ठेवल्यासारखं होतं.

मी सध्या एका वजनकाट्यावर रात्रपाळीला असतो. ट्रक काट्यावर चढतो, मी आकडा बघून पावती काढतो. पगार गाडीवरच्या निम्म्याहून कमी. येणाऱ्या ड्रायव्हरांना सांगत असतो, बिल्टीचा फोटो मालकाला पाठवता तसा घरीही पाठवत जा, आणि मालकाकडून काही पैसे तरी खात्यावर घ्या, सगळे रोख घेऊ नका. तरणी पोरं हसतात. वयस्कर असतात ते पावती खिशात घालतात आणि विचारतात, पाय कशानं गेला? मग म्हणतात, डुलकी लागली होती का?

उलटतपासणीत विमा कंपनीच्या वकिलानं ह्याच काट्यावर मला धरलं. "तुम्ही आजही ट्रकच्याच धंद्यात नोकरी करता, हे खरं आहे ना?" मी म्हटलं, खरं आहे साहेब, पण काट्यावर गाडी दुसरा माणूस चढवतो. न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं का नाही, मला दिसलं नाही. मालक त्या दिवशी आला होता. बाहेर चहाच्या टपरीवर समोरासमोर आलो. त्यानं पायाकडं बघितलं, विचारलं, "थंडीचं ठणकतं का?" मी म्हटलं, ठणकतं. त्यानं दोन्ही चहाचे पैसे दिले आणि गेला.

पुढची तारीख पडलीय, युक्तिवादाची. तारखेच्या आदल्या रात्रीची पाळी मला करता येत नाही. जागरण करून कोर्टात उभं राहिलं की पाय सुजतो. म्हणून काट्यावर दुसरा माणूस द्यावा लागतो आणि त्याची हजेरी माझ्या पगारातून जाते. यावेळी गावातल्याच एका पोराला सांगून ठेवलंय. त्याचं नाव मी रजिस्टरमध्ये स्वतःच्या हातानं लिहून त्याची सही घेणार आहे.